सगळीकडे चालणारा सुरक्षित रँडम स्रोत: कर्नलला मागा, नाही मिळालं तर थांबा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सी++ मध्ये लिहिलेली एक लायब्ररी आहे. ती लिनक्स, विंडोज आणि मॅकवर चालते, पुढेमागे ब्राउझरमध्येही चालवायची आहे. तिच्यात सेशन टोकन, पासवर्ड रीसेटच्या लिंका आणि एन्क्रिप्शनच्या की तयार होतात. सध्या स्टँडर्ड लायब्ररीतला मर्सेन ट्विस्टर हा रँडम आकडे देणारा जनरेटर वापरलाय आणि त्याला 'रँडम डिव्हाइस'मधून सीड, म्हणजे सुरुवातीचा आकडा, दिलंय, कारण एवढंच सगळीकडे विनातक्रार कंपाइल होतं. टोकनची अक्षरं ६२ अक्षरांच्या यादीतून, बाइटला ६२ ने भागून निवडली जातात. हे चालेल का? नसेल तर ओपनएसएसएल ही एन्क्रिप्शनची मोठी लायब्ररी आणावी, की स्वतःचा जनरेटर लिहावा?

चालणार नाही. फक्त एवढ्यासाठी ओपनएसएसएल आणू नका. आणि स्वतःचा जनरेटर लिहायचा विचार तर आत्ताच सोडून द्या. तुम्हाला हवाय तो एक पातळ थर: एकच फंक्शन, बफर आणि लांबी घेणारं, आतून त्या-त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलकडे (तिच्या गाभ्याकडे) बाइट मागणारं. सगळं मिळून शंभर-दीडशे ओळी होतील. त्यातल्या कर्नलला विचारणाऱ्या ओळी सोप्या असतात. कर्नलने नकार दिला तर काय करायचं, ते ठरवणाऱ्या चार ओळींत खरी परीक्षा असते, आणि बहुतेक प्रकल्प तिथेच नापास होतात.

आधी मर्सेन ट्विस्टरबद्दल, कारण "पिरियड एवढा प्रचंड आहे, मग अंदाज कसा येईल?" हा प्रतिप्रश्न हमखास येतो. पिरियड (आकड्यांचा क्रम पुन्हा पहिल्यापासून सुरू होईपर्यंतची लांबी) मोठा असणं आणि पुढचा आकडा ओळखता न येणं यांचा एकमेकांशी संबंध नाही. या जनरेटरची आतली स्थिती म्हणजे ३२ बिटांचे ६२४ शब्द. बाहेर पडणारा प्रत्येक आकडा हा त्यातल्या एकेका शब्दावर थोडी बिटांची उलथापालथ करून दिलेला असतो, आणि ती उलथापालथ उलट फिरवता येते. म्हणजे सलग ६२४ आकडे हाती आले की आतली सगळी स्थिती हाती आली. तुमचं टोकन १२८ बिटांचं, म्हणजे चार आकड्यांचं. ६२४ भागिले ४ म्हणजे १५६. रात्रीच्या शांत वेळी कुणी तुमच्या सर्व्हरकडे एकापाठोपाठ १५६ सेशन मागितली, तर १५७वं टोकन तो तुमच्याआधी सांगेल. ते टोकन दुसऱ्या कुणाच्या पासवर्ड रीसेटचंही असू शकतं.

खरं तर एवढे कष्टही नकोत. तुम्ही सीड म्हणून रँडम डिव्हाइसचा एकच आकडा देताय, म्हणजे ३२ बिट. एकूण शक्यता झाल्या सुमारे ४२९ कोटी. प्रोसेस सुरू झाल्यानंतरचं पहिलं टोकन मिळालं, की एकेक सीड लावून बघायचं. साध्या लॅपटॉपवर हे काही तासांचं काम आहे. शिवाय त्या रँडम डिव्हाइसचाही भरवसा नाही. खरा अनिश्चित स्रोत नसेल तर त्याने ठरावीक क्रमाने आकडे द्यावेत, अशी सूट खुद्द सी++ च्या प्रमाणातच आहे. विंडोजवरच्या मिंगडब्ल्यू या कंपायलरच्या जुन्या आवृत्त्यांनी ती सूट पुरेपूर वापरली. प्रोग्राम कितीही वेळा चालवा, आकडे तेच. कंपाइल होतं, चालतं, आकडे रँडम दिसतात, आणि प्रत्येक ग्राहकाच्या मशीनवर एकच की तयार होते.

आता कर्नलच का, तेही सांगतो. चांगला अल्गोरिदम मिळणं हा प्रश्न कधीच सुटलाय. चाचा२० आहे, एईएस आहे, कुठलाही घ्या. अवघड आहे ते सीड, म्हणजे बाहेरच्या माणसाला अंदाज बांधता येणार नाही असं काहीतरी. ते मशीनमध्ये जिथे सापडतं, म्हणजे इंटरप्टच्या वेळा, डिस्कची चलबिचल, प्रोसेसरमधला हार्डवेअर जनरेटर, तिथपर्यंत कर्नलचा हात पोचतो, तुमच्या प्रोग्रामचा नाही. तुमच्या प्रोग्रामला दिसतात घड्याळ, प्रोसेस आयडी आणि एखादा मेमरीतला पत्ता. १९९५ मध्ये नेटस्केपचा ब्राउझर फोडला गेला तो याच कारणाने. दिवसाची वेळ, स्वतःचा प्रोसेस आयडी आणि पालक प्रोसेसचा आयडी यांवरून तो की बनवत होता, आणि या तिन्ही गोष्टींचा अंदाज बांधता येतो. एका दिवसात ८ कोटी ६४ लाख मिलिसेकंद असतात, म्हणजे जेमतेम २६ बिट. वेळेवरून सीड करणाऱ्या कोडची पत तेवढीच.

प्लॅटफॉर्मनिहाय काय वापरायचं ते आता पटापट.

लिनक्सवर गेटरँडम हा सिस्टिम कॉल, म्हणजे कर्नलला थेट केलेली मागणी, फ्लॅग शून्य. २०१४ च्या ३.१७ कर्नलपासून तो आहे. ग्लिबसी या लिनक्सच्या सी लायब्ररीमध्ये त्याचं सरळ फंक्शन यायला २०१७ ची २.२५ आवृत्ती उजाडली, म्हणून जुन्या कोडमध्ये तो थेट सिस्टिम कॉलच्या क्रमांकाने बोलावलेला दिसतो. घाबरू नका, तो तोच आहे. त्याची दोन वैशिष्ट्यं लक्षात ठेवा. मशीन नुकतंच सुरू झालं असेल आणि कर्नलकडे पुरेशी एन्ट्रॉपी, म्हणजे अंदाज न येणारी माहिती, जमली नसेल तर तो थांबून राहतो. एकदा जमली की पुन्हा कधी थांबत नाही. दुसरं म्हणजे २५६ बाइटपर्यंतची मागणी तो एका दमात पूर्ण करतो, मध्ये सिग्नल आला तरी. त्याहून मोठं मागितलंत तर कमी बाइट मिळू शकतात. त्यामुळे परत आलेली संख्या बघणारा लूप हवाच. तो नसेल तर बफरचा मागचा भाग शून्यांनी भरलेला राहील आणि कुणाला कळणारही नाही.

मॅकवर आणि ओपनबीएसडीवर गेटएन्ट्रॉपी आहे, एका वेळी कमाल २५६ बाइट. नाहीतर आर्क४रँडम-बफ. नावात आरसी४ हा कमकुवत ठरलेला जुना अल्गोरिदम दिसून दचकू नका. ओपनबीएसडीने २०१४ मध्येच आतला अल्गोरिदम काढून चाचा२० बसवला, नाव तेवढं जुनं राहिलं. हे फंक्शन मला मनापासून आवडतं, कारण ते एरर परतच करत नाही.

विंडोजवर बीक्रिप्ट-जेन-रँडम. अल्गोरिदमच्या हँडलच्या जागी नल द्या आणि 'सिस्टिमला आवडेल तो' असा फ्लॅग द्या. जुन्या उदाहरणांत दिसणारं क्रिप्ट-जेन-रँडम नव्या कोडमध्ये आणू नका. ब्राउझरमध्ये क्रिप्टो ऑब्जेक्टवरचं गेट-रँडम-व्हॅल्यूज वापरा. एका वेळी ६५,५३६ बाइटची मर्यादा आहे, तिच्यावर गेलात तर ते एक्सेप्शन फेकतं. त्याच पानावर मॅथ-रँडमही उपलब्ध असतं आणि घाईत बोटं तिकडे वळतात. कोड रिव्ह्यूमध्ये मी तो शब्द शोधूनच बघतो.

लिनक्सवर रँडम बाइट देणाऱ्या दोन खास फाइलींबद्दल 'डेव्ह-रँडम खरं आणि डेव्ह-यूरँडम दुय्यम' ही समजूत अजून जिवंत आहे, म्हणून दोन वाक्यं. दोन्हींच्या मागे यंत्रणा एकच होती. फरक एवढाच, की पहिलं "एन्ट्रॉपी संपली" म्हणून उगाच अडून बसायचं आणि दुसरं मशीन सुरू होताना सीड तयार नसलं तरी बाइट देऊन मोकळं व्हायचं. पहिल्याचं अडून बसणं २०२० च्या ५.६ कर्नलपासून बंद झालं. २५६ बिटांची एन्ट्रॉपी एकदा जमली की ती पाण्याच्या टाकीसारखी वापरून संपत नाही. दुसऱ्याची खोड मात्र खरी धोक्याची होती. राउटर आणि फायरवॉलसारखी उपकरणं पहिल्यांदा चालू होताच की बनवतात, आणि त्या क्षणी कर्नल कोराच असतो. २०१२ मध्ये संशोधकांनी इंटरनेटवरच्या सार्वजनिक की गोळा केल्या. वेगवेगळ्या उपकरणांच्या आरएसए कीमध्ये (ती दोन अविभाज्य संख्यांच्या गुणाकारातून बनते) एक अविभाज्य संख्या सारखी निघाली, आणि नुसता मसावि काढून त्यांनी टीएलएस, म्हणजे वेबवरचं एन्क्रिप्शन, वापरणाऱ्या ०.५ टक्के मशीनच्या खाजगी की मिळवल्या. शाळेतला मसावि! गेटरँडमचं सुरुवातीला थांबणं म्हणूनच दोष नाही. "आमची सर्व्हिस बूट होताना अडकते" म्हणून तो थांबू न देणारा फ्लॅग लावणारे भेटतात. त्यांना आधी हा किस्सा सांगावा.

आता त्या चार ओळी. एका ग्राहकाकडे आम्हाला बोलावलं होतं, कारण लॉगमध्ये रोज भर गर्दीच्या वेळी डेटाबेसची एक विचित्र एरर दिसायची: सेशनच्या टेबलात दुहेरी किंमत. टोकन १२८ बिटांचं. अशी टक्कर माणसाच्या आयुष्यात एकदाही होऊ नये, इथे तासाला चार-पाच. कोड उघडला तर वरवर सगळं शुद्ध. डेव्ह-यूरँडम उघडायचं, सोळा बाइट वाचायचे, फाइल बंद करायची. पण खाली एक 'नाहीतर' होतं. फाइल उघडली नाही तर आत्ताची वेळ सेकंदात घ्यायची, प्रोसेस आयडीशी एक्सॉर करायची, ते सीड म्हणून द्यायचं आणि सी लायब्ररीच्या साध्या रँडने सोळा बाइट भरायचे. गर्दी वाढली की प्रोसेसची उघड्या फाइलींची १०२४ ची मर्यादा संपायची, यूरँडम उघडायचं नाही, आणि कोड गुपचूप त्या आडवाटेने जायचा. एकाच सेकंदात एकाच प्रोसेसकडे दोन लॉगिन आले की दोघांना एकच टोकन. टेबलावर दुहेरी किंमत नाकारणारा युनिक इंडेक्स होता म्हणून निदान बोंब तरी झाली. नसता, तर एकाचं खातं दुसऱ्याच्या स्क्रीनवर उघडलं असतं आणि आम्ही कॅशला दोष देत बसलो असतो. दुरुस्ती म्हणजे त्या 'नाहीतर'च्या अकरा ओळी पुसणं.

लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. "सर्व्हिस बंद पडू नये" एवढीच त्याची काळजी. पण सुरक्षित आकड्यांच्या बाबतीत दुधाची तहान ताकावर भागत नाही. ताक दिलंय हे पिणाऱ्याला कळतच नाही, कारण कच्चे सोळा बाइट आणि पक्के सोळा बाइट दिसायला सारखेच. फाइलऐवजी सिस्टिम कॉल का, याचंही उत्तर इथेच आलं. गेटरँडमला उघडी फाइल लागत नाही आणि चेरूटच्या कोंडवाड्यात, म्हणजे प्रोसेसला ठरावीक फोल्डरापलीकडचं दिसू न देणाऱ्या जागेत, डेव्ह फोल्डर नसलं तरी त्याचं अडत नाही.

म्हणून माझा आग्रह असा: तुमच्या फंक्शनने काहीही परत करू नये. यशाचा कोड नाही, बूलियन नाही. बाइट भरले तर परत यावं, नाहीतर प्रोसेस तिथेच थांबवावी. एरर परत केलीत की कुणीतरी ती तपासायला विसरणार. ओपनएसएसएलचं रँड-बाइट्स बघा. यश म्हणजे १, अपयश म्हणजे ०, आणि काही परिस्थितीत उणे १. सी मध्ये उणे १ ही 'खरी' किंमत. ज्याने नुसतं 'शून्य नाही ना' एवढंच तपासलं, त्याचं अपयश यश म्हणून खपून गेलं. "लायब्ररीने यजमान प्रोग्राम मारून टाकणं असभ्य आहे" हा आक्षेप मी अनेकदा ऐकलाय आणि एरवी मला तो मान्यही आहे. इथे नाही. गो भाषेनेही १.२४ आवृत्तीपासून हाच मार्ग धरला: क्रिप्टो-रँडचं रीड एरर देत नाही, जमलं नाही तर प्रोग्राम पाडतं.

तयार काहीतरी हवं असेल तर लिबसोडियम ही लायब्ररी घ्या. त्याचं रँडमबाइट्स-बफ नेमकं हेच करतं आणि बहुतेक प्लॅटफॉर्मची डोकेदुखी त्यांनी आधीच सोसली आहे. ओपनएसएसएल तुमच्या प्रकल्पात दुसऱ्या कारणाने आधीच असेल तर तेही चालेल, परतीची किंमत बरोब्बर १ आहे का एवढं बघा. पण नुसत्या बाइटांसाठी एवढा मोठा मध्यस्थ कशाला? कर्नल आणि तुमच्यामध्ये जितके थर, तितक्या चुकायच्या जागा. डेबियन या लिनक्सच्या वितरणात २००६ साली मेमरी तपासणाऱ्या साधनाची कुरकुर थांबवायला ओपनएसएसएलमधल्या दोन ओळी काढल्या गेल्या. त्यांच्याबरोबर एन्ट्रॉपी मिसळणंच बंद पडलं, आणि उरला फक्त प्रोसेस आयडी, ३२,७६८ शक्यता. हे मे २००८ मध्ये उघडकीला आलं. तोपर्यंत त्या बिघडलेल्या आवृत्तीने तयार केलेल्या सगळ्या एसएसएच की (दूरच्या मशीनवर लॉगिन करायच्या) कुणालाही मोजून काढता येण्यासारख्या होत्या.

रँडम आकडा देणारी प्रोसेसरची आरडीरँड सूचना थेट वापरायचा मोहही टाळा. काही एएमडी प्रोसेसरवर ती 'यशस्वी' म्हणत दर वेळी सगळे बिट १ असलेलाच आकडा द्यायची. कर्नल ती वापरतो, पण इतर स्रोतांत मिसळून. एक स्रोत खोटं बोलला तरी बाकीचे सावरून घेतात.

मग वेगाचा मुद्दा येतो: "दर वेळी कर्नलकडे जाणं महाग नाही का? चार किलोबाइट एकदम आणून प्रोसेसमध्ये साठवू." तुम्ही सेकंदाला लाखो नॉन्स (एकदाच वापरायचे आकडे) बनवत नसाल तर हा खर्च तुम्हाला मोजूनही दिसणार नाही. साठवलंत की फोर्कचं, म्हणजे प्रोसेसने स्वतःची प्रत काढण्याचं, दुखणं मागे लागतं. फोर्क झाल्यावर पालक आणि मूल दोघांकडे त्याच साठ्याची हुबेहूब प्रत असते, दोघं तेच बाइट वापरतात. चालू व्हर्च्युअल मशीनचा स्नॅपशॉट घेऊन दोन प्रती सुरू केल्या तरी तेच, आणि तिथे तर प्रोसेस आयडीही बदलत नाही, म्हणजे ओळखायचीही सोय नाही. कर्नलला हल्ली व्हर्च्युअल मशीन चालवणारा हायपरव्हायझर कळवतो की तुझी प्रत निघाली आहे, मग तो आपलं सीड बदलतो. तुमच्या बफरला कोण कळवणार? आणि ईसीडीएसए या पद्धतीच्या डिजिटल सहीत एकच नॉन्स दोनदा वापरला गेला, तर दोन सह्यांवरून खाजगी की बीजगणिताने निघते. २०१३ मध्ये अँड्रॉइडच्या जावा सिक्युअर-रँडममधल्या सीडच्या दोषामुळे लोकांची बिटकॉइन पाकिटं अशीच रिकामी झाली.

बाइट चांगले मिळाले तरी ते खराब करायची सोय आपल्याच हातात असते. तुमच्या प्रश्नात दिलेला टोकन बनवायचा नुसखा घ्या: ६२ अक्षरांची यादी, आणि प्रत्येक अक्षरासाठी एका बाइटला ६२ ने भागून बाकी. बाइटच्या किंमती २५६. ६२ चोक २४८, वर उरले ८. म्हणजे यादीतली पहिली आठ अक्षरं २५६ पैकी ५ वेळा येणार आणि बाकीची ४ वेळा. यादी शून्यापासून सुरू होत असेल तर ० ते ७ हे अंक इतरांपेक्षा २५ टक्के जास्त. उपाय सोपा: २४८ किंवा त्याहून मोठा बाइट आला की टाकून द्या आणि दुसरा मागा. शंभरातले तीनेक बाइट वाया जातील, जाऊ देत. त्याहून सोपं म्हणजे अक्षरांची भानगडच नको. सोळा बाइट घ्या आणि यूआरएलला चालणाऱ्या बेस६४ मध्ये लिहा, २२ अक्षरांत काम होतं.

२२ अक्षरांच्या टोकनमध्ये एवढा कल असल्याने आकाश कोसळणार नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. तोच कल सहीच्या नॉन्समध्ये आला तर मात्र कोसळतं. २०२४ च्या एप्रिलमध्ये पुटी या एसएसएचच्या प्रोग्रामचा दोष जाहीर झाला. पी-५२१ या गणिती वक्रावर सही करताना ५२१ बिटांच्या नॉन्सचे वरचे ९ बिट कायम शून्य असायचे, कारण तो ५१२ बिटांच्या हॅशमधून काढलेला होता. साठेक सह्या गोळा केल्या की खाजगी की मिळत होती. मौज अशी, की ती हॅशची पद्धत तिथे आली ती मुळात पोर्टेबिलिटीपायी. पुटी लिहिलं गेलं तेव्हा विंडोजवर भरवशाचा रँडम स्रोतच नव्हता. पुढे तो आला, आडवाट तशीच राहिली.

चाचण्यांबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगतो. बाहेर पडलेल्या बाइटांवर डायहार्डरसारख्या सांख्यिकी चाचण्या चालवून "सुरक्षित आहे" असा शिक्का मारू नका. सगळी शून्यं असलेल्या कीने एईएस काउंटर चालवा, तो त्या चाचण्या आरामात पास होईल, आणि त्याचा प्रत्येक बाइट जगाला आधीच ठाऊक असेल. त्याऐवजी अपयशाची चाचणी लिहा. सेककॉम्प या सिस्टिम कॉल रोखणाऱ्या सोयीने गेटरँडम अडवा आणि प्रोसेस खरंच मरते का बघा. जुन्या कर्नलसाठी फाइलची वाट ठेवलीच असेल, तर उघड्या फाइलींची मर्यादा कमी करून तीही तपासा. युनिट टेस्टसाठी ठरावीक आकडे देणारा जनरेटर लागतो, हे खरं. तो रिलीजच्या बिल्डमध्ये लिंकच होणार नाही असा वेगळ्या फाइलीत ठेवा. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने चालू-बंद होणारा तर मुळीच ठेवू नका.

ऑपरेटिंग सिस्टिमच नसलेल्या मायक्रोकंट्रोलरवर हा थर न्यायचा असेल तर तिथे सीड गोळा करायचं काम तुमच्यावर येतं. चिपमधला हार्डवेअर जनरेटर वापरा, त्याचे एरर फ्लॅग दर वेळी वाचा, आणि त्याचे बाइट थेट न वापरता सीड म्हणून वापरा. चिपमध्ये तो नसेल तर कारखान्यातच प्रत्येक नगात वेगळं सीड लिहावं लागेल, आणि ते दर बूटला पुढे सरकवून पुन्हा साठवावं लागेल.

शेवटचं काम कोडमधलं नाही. नवा थर घातलात तरी मर्सेन ट्विस्टरने आजवर बनवलेली टोकनं आणि की कच्च्याच राहतात. डेबियनवाल्यांनाही पॅकेज अद्ययावत करून भागलं नव्हतं, लोकांना जुन्या की फेकून नव्या बनवाव्या लागल्या. ज्या दिवशी हा बदल सोडाल त्याच दिवशी सगळी सेशन रद्द करा, प्रलंबित रीसेट लिंका बाद करा आणि एन्क्रिप्शनच्या की फिरवा. जुन्या कीने बंद केलेला डेटा नव्या कीने पुन्हा एन्क्रिप्ट करायला वेळ लागेल, म्हणून त्याची यादी आजच काढायला घ्या.